दोन संगणकांची तदर्थ समिती

लॅटिन भाषेतील ‘अ‍ॅड हॉक’ या शब्दजोडीचा अर्थ ‘एवढ्यासाठी’ असा होतो आणि मराठीने तिच्यासाठी संस्कृतातून घेतलेला ‘तदर्थ’ हा शब्दही ‘त्यासाठी’ एवढेच सांगतो. म्हणजे अर्थाच्या बाबतीत दोन्ही भाषांचे पूर्ण एकमत आहे, मतभेद आहे तो आयुर्मानाबद्दल. महाराष्ट्रात तदर्थ नेमणूक झालेला कर्मचारी तदर्थ म्हणूनच पदोन्नती घेतो, तदर्थ म्हणूनच बदलीसाठी खटपट करतो आणि निरोपसमारंभात शाल-श्रीफळ स्वीकारतो तेव्हाही त्याची सेवा नियमित करण्याची फाइल कोठल्या तरी टेबलावर अभिप्रायासाठी थांबलेली असते. संगणकशास्त्रज्ञांनी दोन संगणकांमधल्या थेट बिनतारी जोडणीला ‘अ‍ॅड हॉक’ हे नाव दिले, तेव्हा या परंपरेची त्यांना कल्पना नसावी. शब्दाचा कोशातला अर्थ तेवढा त्यांनी खरा मानला, आणि पुढे जे काही घडले त्याचे मूळ याच भाबडेपणात आहे.

बिनतारी जाळ्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत मध्यभागी एक ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ असतो, ज्याला घरोघरी सरसकट ‘राउटर’ म्हणतात आणि ज्याचा दिवा हिरवा आहे की लाल यावर घरातील शांतता अवलंबून असते. या पद्धतीत एका संगणकाने दुसऱ्याला धाडलेला प्रत्येक निरोप आधी राउटरकडे जातो आणि तेथून पुढे जातो, मग ते दोन संगणक एकाच टेबलावर एकमेकांना खेटून का असेनात. एकत्र कुटुंबात शेजारच्या पाटावर बसलेल्या धाकट्या भावाकडून मीठ हवे असले तरी ते आजोबांमार्फत मागावे, तसाच हा रिवाज आहे. दुसरी पद्धत आजोबांशिवायची. वायफायचा पाया असलेले ८०२.११ हे मानक १९९७ साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने प्रसिद्ध केले, त्यातच या दुसऱ्या पद्धतीची तरतूद होती आणि तिला दिलेले अधिकृत नाव मराठीत आणल्यास ‘स्वतंत्र मूलभूत सेवा संच’ असे होते. हे नाव वाचून एखाद्या परिपत्रकाचा भास झाला तर तो वाचकाचा दोष मानता येणार नाही. या संचात कोणी थोर नाही, कोणी सान नाही. ज्याच्याजवळ वायफायचे कार्ड आहे तो प्रत्येक संगणक समान दर्जाचा सभासद, आणि काम झाले की संच विसर्जित, असे हे नमुनेदार लोकशाहीचे चित्र होते.

भारतात ही लोकशाही सुखाने नांदायला थोडा अवधी लागला. येथे बिनतारी उपकरण बाळगण्यावर १९३३ सालच्या कायद्याचा अंमल होता, आणि २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा वायफायचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करणारे नियम केंद्र सरकारने जानेवारी २००५ मध्ये काढले. ‘बिनतारी’ हे विशेषण मात्र तेव्हाही जपूनच वापरावे लागे, कारण त्या काळातील बहुतेक लॅपटॉपांची बॅटरी दोन-अडीच तासांत मान टाकत असे, आणि परिणामी बिनतारी संवाद साधू पाहणारे दोन संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला जाड काळ्या तारांनी शेजारी शेजारी बांधलेले आढळत.

विंडोज एक्सपी या संगणकप्रणालीत असे जाळे उभारण्याचा विधी प्रत्येक कुटुंबातील संगणक जाणणाऱ्या भाच्याकडे सोपवलेला असे. नेटवर्क कनेक्शन्स उघडायचे, वायरलेसच्या चित्रावर उजवी कळ दाबायची, प्रॉपर्टीजमध्ये जायचे, तेथील दुसऱ्या पानावर ‘अ‍ॅड’ म्हणायचे, आणि उघडलेल्या चौकटीच्या अगदी तळाशी, विमा पॉलिसीतील अटी जेथे असतात तेथे, ‘हे संगणक-ते-संगणक जाळे आहे, यात अ‍ॅक्सेस पॉइंट वापरलेला नाही’ अशा अर्थाच्या वाक्यापुढे खूण करायची. एवढे झाले की भाचा दुसऱ्या खोलीतून विचारी, “मामा, माझं नाव दिसतंय का तुमच्याकडे?” आणि मामा चष्मा सारखा करीत सांगत, “मला कुलकर्ण्यांचं दिसतंय. शेजारच्या.” हा संवाद दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीतून मोठ्या आवाजात होत असल्यामुळे, माणसांमधील थेट बिनतारी संपर्क संगणकांच्या आधी प्रस्थापित होत असे, ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांनी नोंदवलेली नाही.

नाव देणे हे या विधीतील पहिले विघ्न. जाळ्याचे नाव, म्हणजे शास्त्रीय परिभाषेत ‘एसएसआयडी’, हे जास्तीत जास्त ३२ बाइटचे असू शकते, आणि बाइट म्हणजे संगणकाच्या स्मृतीतील एक घर. रोमन लिपीतील अक्षर एका घरात मावते. देवनागरीला मात्र सध्याच्या प्रचलित युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षरासाठी, प्रत्येक काना-वेलांटीसाठी आणि जोडाक्षरातील प्रत्येक हलन्तासाठी तीन तीन घरे लागतात. या हिशेबाने ‘महाराष्ट्र’ हे नाव ३० घरांत जेमतेम बसते, परंतु ‘जय महाराष्ट्र’ म्हणायला गेल्यास ३७ घरे लागतात आणि ते नाव नियमाबाहेर पडते. मानक लिहिणाऱ्यांच्या मनात आकस असण्याचे काही कारण दिसत नाही. त्यांनी ३२ ही संख्या ठरवली तेव्हा जयजयकाराची लांबी मोजलेली नव्हती, एवढेच.

दुसरे विघ्न गुप्त किल्लीचे. त्या काळी अशा जाळ्याला संरक्षण असे ते ‘वेप’ या पद्धतीचे, जिच्या पूर्ण नावाचा अर्थ ‘तारेच्या जाळ्याइतकीच गोपनीयता’ असा होतो. तिची किल्ली साध्या अक्षरांत लिहायची तर ती बरोबर पाच अक्षरांची किंवा बरोबर तेरा अक्षरांची असावी लागे, आणि अधलेमधले काही चालत नसे. हा नियम महाराष्ट्राच्या भूगोलाला लावून पाहिल्यास विलक्षण निष्कर्ष हाती येतात. रोमन लिपीत ठाणे, अकोला, लातूर, धुळे आणि जालना ही शहरे पाच अक्षरांत तंतोतंत बसतात. नाशिक, नागपूर, सातारा आणि सांगली एका अक्षराने उतू जातात. पुणे एका अक्षराने कमी पडते, मात्र पुण्यात काही कमी पडते हे विधान तेथे नोंदवून घेतले जाण्याची शक्यता कमी आहे. चंद्रपूर दहा अक्षरांवर अधांतरी लोंबकळते, पण त्यालाच शेवटी ‘कर’ जोडून चंद्रपूरकर केले की नेमकी तेरा अक्षरे भरतात, म्हणजे जे गावाला साधले नाही ते गावच्या माणसाने साधले. बहुसंख्य लोक अर्थातच या वाटेला न जाता एक ते पाच हे आकडे ओळीने टाकून मोकळे होत, आणि त्यात फारसे काही बिघडत नसे, कारण फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तीन संशोधकांनी २००१ सालीच या पद्धतीच्या मुळाशी असलेली चूक उघड केली होती. गोपनीयता तारेच्या जाळ्याइतकी होती खरी. ते जाळे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या प्रकारचे होते.

नाव दिसले, किल्ली लागली, तरी पत्त्याचा प्रश्न उरतोच. जाळ्यातील प्रत्येक संगणकाला एक ‘आयपी पत्ता’ लागतो, आणि आजोबांच्या घरी तो आजोबा वाटून देतात. येथे आजोबा नसल्यामुळे संगणक आधी बराच वेळ, कोणी तरी पत्ता देईल या आशेवर थांबतो, आणि ती आशा मावळली की १६९.२५४ ने सुरू होणाऱ्या राखीव पत्त्यांमधला कोणताही एक पत्ता मनानेच निवडतो. निवडल्यावर तो आजूबाजूला विचारतो की हा पत्ता कोणाचा आहे काय; कोणी ‘माझा’ म्हणाले तर दुसरा निवडतो, कोणी काहीच बोलले नाही तर तोच आपला मानतो. एसटीच्या उघड्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याच्या प्रथेशी परिचित असलेल्या वाचकाला ही पद्धत वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की एसटीत रुमालाचा मालक आत येऊन पोहोचला की भांडण होते आणि निकाल लागतो, तर संगणकाच्या पडद्यावर या साऱ्या धडपडीअंती एक पिवळा त्रिकोण उमटतो आणि ‘संपर्क मर्यादित आहे अथवा नाही’ असे विधान येते. आहे अथवा नाही, या दोहोंपैकी नक्की काय, हे ठरवण्याचे काम पाहणाऱ्यावर सोडलेले असते. वास्तविक जोडणी त्या क्षणी पुष्कळदा व्यवस्थित झालेली असे. परंतु पिवळ्या त्रिकोणाला घाबरून मामा ती तोडत आणि विधी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. त्यातून २००४ साली विंडोजच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर फायरवॉल नावाचा पहारेकरी आपोआप उभा राहू लागल्यापासून, जोडणी होऊनही दोन संगणक एकमेकांशी बोलत नाहीत, असा अबोल्याचा एक नवा प्रकार अस्तित्वात आला.

या पद्धतीतील समानता प्रत्यक्षात कशी चालते, हा भाग अधिक मनोरंजक आहे. जाळे जिवंत आहे हे जगाला कळावे म्हणून ठरावीक काळाने, सामान्यतः दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला साधारण दहा वेळा, एक ‘बीकन’ म्हणजे दवंडी पिटावी लागते. राउटर असला की दवंडीचे काम त्याचेच. राउटर नसताना ते सर्वांचे असते, आणि जे काम सर्वांचे असते त्याचे काय होते हे मानककर्त्यांनी ओळखलेले होते. रविवारी जेवणानंतर सारे घर आडवे झालेले असताना दारावरची घंटा वाजते, तेव्हा प्रत्येक जण डोळे मिटून दुसरा कोणी उठण्याची वाट पाहतो. मानकाने हीच वृत्ती नियमात बसवली. दवंडीची वेळ झाली की प्रत्येक संगणक मनाशी एक अनिश्चित लांबीचा क्षण धरून गप्प राहतो, तेवढ्यात दुसऱ्याने दवंडी पिटली तर सुटकेचा श्वास सोडून आपली रद्द करतो, आणि कोणीच हलले नाही तर नाइलाजाने स्वतः उठतो. माणसांच्या घरात असा नियम नसल्यामुळे तेथे बहुधा आईच उठते.

शिवाय जेथे सारे समान असतात तेथे ज्येष्ठतेचा प्रश्न मागच्या दाराने येतोच. मामाने आणि भाच्याने दोन खोल्यांत एकाच वेळी एकाच नावाची जाळी उभी केली, तर प्रत्येक जाळ्याला एक यदृच्छेने निवडलेली ओळखसंख्या मिळते आणि एकाच नावाची दोन वेगळी जाळी तयार होतात. एका गल्लीत एकाच नावाची दोन गणेश मंडळे असावीत, दोघांचीही वर्गणीची पुस्तके वेगळी असावीत, असा तो प्रकार. यावर मानकाने सुचवलेला तोडगा असा की प्रत्येक जाळ्याचे घड्याळ त्याच्या जन्मापासून मायक्रोसेकंदांत पुढे सरकत असते, आणि दोन समाननामी जाळी समोरासमोर आली की ज्याचे घड्याळ पुढे आहे त्यात दुसऱ्याने विलीन व्हावे. सेवाज्येष्ठतेचा इतका निर्मळ नियम कोणत्याही खात्यात आढळणार नाही, कारण येथे एका मायक्रोसेकंदाने वडील असलेल्यालाही दाद मागावी लागत नाही. अंमलबजावणीत मात्र तो खात्यांच्या वळणावर गेला. कार्ड तयार करणाऱ्या कंपन्यांपैकी काहींनी तो नीट पाळला, काहींनी अर्धवट पाळला, आणि विलीनीकरण रखडलेली दोन जाळी एकाच छपराखाली, एकाच नावाने, एकमेकांची दखल न घेता नांदत राहिली.

तिसरा संगणक आला की गुंतागुंत आणखी वाढते. ओटीवरचा संगणक माजघरातल्याशी बोलतो, परसातलाही माजघरातल्याशी बोलतो, पण भिंतींमुळे ओटीला परसाचे आणि परसाला ओटीचे ऐकू येत नाही. साहजिकच दोघेही, कोणी बोलत नाही अशा समजुतीने एकाच वेळी बोलू लागतात आणि मधल्याला दोघांचेही काही कळत नाही. याला शास्त्रात ‘लपलेल्या केंद्राची समस्या’ म्हणतात आणि घरात, जेथे मधल्याच्या जागी बहुधा नवविवाहित मुलगा असतो, तिला काहीच म्हणत नाहीत. ओटीचा निरोप माजघराने परसापर्यंत पोहोचवावा, एवढी साधी माणुसकीही मूळ तदर्थ पद्धतीत नव्हती. ती ‘मेश’ नावाच्या सुधारित पद्धतीत आली, आणि ‘एक मूल एक लॅपटॉप’ या अमेरिकी उपक्रमाच्या हिरव्या-पांढऱ्या छोट्या संगणकांनी तिचा अंगीकार केला. सशाच्या कानांसारखे दोन अँटेना उभे करून परस्परांचे निरोप पुढे सरकवणारे हे संगणक २००७ साली भारतात प्रथम पोहोचले ते रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, धनगरवाड्यावरच्या एका लहान शाळेत. वर्गात एकाची चिठ्ठी मधल्याने न वाचता पुढे देण्याची कला शाळकरी मुलांना यंत्राने शिकवावी, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल. त्यातील ‘न वाचता’ एवढाच भाग मुलांना नवा असावा.

तदर्थ जाळ्याला खरी कीर्ती मिळवून दिली ती मात्र एका भुताने. दोन हजार पाचच्या आगेमागे अमेरिकेतील विमानतळांवर ‘फ्री पब्लिक वायफाय’ या नावाचे एक जाळे जागोजाग दिसू लागले. फुकट, सार्वजनिक आणि वायफाय हे तीन शब्द एकत्र वाचून ज्याचा हात थांबेल असा प्रवासी दुर्मीळ; परंतु जोडून घेतल्यावर इंटरनेट काही मिळत नसे, कारण दुसऱ्या टोकाला राउटर नसून तितकाच आशाळभूत असा दुसऱ्या एखाद्या प्रवाशाचा लॅपटॉप असे. प्रवासी कंटाळून निघून जाई, विंडोज एक्सपी मात्र ते नाव आवडत्या जाळ्यांच्या यादीत निष्ठेने जपून ठेवी, आणि पुढच्या मुक्कामी ओळखीचे एकही जाळे सापडले नाही की स्वतःच त्या नावाचे तदर्थ जाळे सुरू करून हाका मारू लागे. त्या हाकांना भुलून तिसरा जोडला जाई, आणि घरी जाताना तोही बाधा घेऊन जाई. जानेवारी २००६ मध्ये ‘सिंपल नोमॅड’ या टोपणनावाने वावरणाऱ्या सुरक्षातज्ज्ञाने वॉशिंग्टनमधील श्मूकॉन परिषदेत या वर्तनाची फोड करून दाखवली. विंडोजने ते २००८ सालच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये सुधारले, आणि ज्यांनी तो पॅक बसवला नाही त्यांच्या लॅपटॉपांतून भूत त्यानंतरही काही वर्षे फिरत होते. यात विषाणू नव्हता, गुन्हेगार नव्हता, लबाडीही नव्हती. एका संध्याकाळपुरते काढलेले जाळे कोणी विसर्जित केले नाही, एवढेच घडले होते. मराठी प्रशासनाच्या अभ्यासकाला यात आश्चर्य वाटण्याजोगे काही सापडणार नाही.

विंडोज ८ ने तदर्थ जाळे उभारण्याची ती चौकट नजरेआड केली आणि २०१३ च्या ८.१ या आवृत्तीने ती पद्धतच काढून टाकली. अँड्रॉइड फोनांनी तर तिला मुळात दारातच उभे केले नव्हते. तिच्या जागी आलेल्या ‘वायफाय डायरेक्ट’ या पद्धतीची प्रमाणपत्रे २०१० च्या ऑक्टोबरापासून मिळू लागली, आणि तिने समानतेचा देखावा न करता सरळ सांगितले की दोन उपकरणे भेटली की त्यांपैकी एकाने गटप्रमुख व्हायचे आणि दुसऱ्याने त्याच्या आज्ञेत राहायचे. प्रमुख कोणी व्हावे हे ठरवण्यासाठी लग्नाच्या बैठकीसारखी एक बैठक होते. प्रत्येक उपकरण आपली इच्छा ० ते १५ या आकड्यांत कळवते, ज्यात ० म्हणजे ‘आम्हाला मान नको’ आणि १५ म्हणजे ‘मान आमचाच, नाही तर आम्ही निघालो’. आकडे वेगळे असले तर मोठ्या आकड्याचा मान राखला जातो. समान असले तर आधीच ठरलेल्या एका बिटावर, म्हणजे नाणेफेकीवर, निकाल लागतो. आणि दोघांनीही १५ कळवले असेल तर बैठक मोडते. मधली मंडळी समजूत घालीत नाहीत, कारण मधली मंडळी या मानकात नाहीत.

महाराष्ट्रातील तरुण पिढीने या बैठकीची कार्यपद्धती न वाचताच ती पुष्कळ वर्षे चालवली. इंटरनेटचा डेटा महाग होता त्या दिवसांत ‘शेअरइट कर’ हे क्रियापद मराठीत रूढ झाले, आणि त्यामागे एका फोनाने गुपचूप हॉटस्पॉट होणे व दुसऱ्याने त्याला जोडून घेणे हीच राउटरविरहित युक्ती होती. कॉलेजच्या कट्ट्यावर एक जण पाठवणारा आणि दुसरा घेणारा होऊन चित्रपट इकडून तिकडे जाई, आणि मध्येच कोणाला फोन आला तर ९७ टक्क्यांवर सारे मुसळ केरात जाई. २०२० च्या जूनअखेरीस केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी अ‍ॅपांत शेअरइट होते, आणि क्रियापद मात्र अ‍ॅपशिवाय काही काळ तसेच बोलले जात राहिले.

आज तदर्थ जाळ्यांचे दर्शन घ्यायचे असेल तर शहरातील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेत फोनाचे वायफाय उघडावे. पाटील, कुलकर्णी, ‘पासवर्ड विचारू नये’ अशा नावांखाली ‘डायरेक्ट’ या शब्दाने सुरू होणारे आणि पुढे दोन असंबद्ध अक्षरे लावलेले एक नाव हमखास आढळते. ते एखाद्या प्रिंटरचे असते. बैठक वगैरे न घेता स्वतःला परस्पर गटप्रमुख घोषित करण्याची मुभा मानकाने उपकरणांना दिलेली आहे, आणि प्रिंटरांनी तिचा मनसोक्त लाभ घेतलेला आहे. संस्थेच्या कार्यालयातील टेबलावर, गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचनापत्रे छापताना ज्याची शाई संपली आणि नंतर कोणी भरली नाही असा तो प्रिंटर, कार्यालयाला कुलूप लागलेले असताना, आपल्या अध्यक्षतेखाली एक गट स्थापन झाला असल्याचे सेकंदाला दहा वेळा जाहीर करीत असतो. सभासदसंख्या शून्य असते.